कुंडीतल्या वेलीला कात्री लावा

अँटॉप हिलच्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत आम्ही २२ वर्षं राहिलो. घर दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनी जेमतेम दोन खुर्च्या मावतील एवढी. तिथं आईनं एका कुंडीत जुई लावली होती. सरकारी घर निवृत्तीनंतर सोडायचं असतं, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. तरी माणूस वेल लावतो आणि तारीख विसरतो. आज कुंडीतल्या फुलवेलींविषयी बोलताना ही जुईच डोळ्यांपुढे आहे.

जमिनीतली वेल मुळं हवी तेवढी पसरते. कुंडीत मुळांना भिंत असते. म्हणजे खाली जागा मोजकी, तर वरचा पसाराही मोजकाच हवा. हे साधं गणित मला फार उशिरा कळलं.

पहिली तीन-चार वर्षं जुई भरभरून फुलली. मग ती ग्रिलवरून वरच्या मजल्यापर्यंत गेली. दिसायला हिरवीगार, पण फुलं ओंजळभरही नाहीत. मी खत वाढवलं, तर पानंच वाढली. वरच्या मजल्यावर एक तमिळ मामी राहायच्या. रोज गजरा माळायच्या. एक दिवस बाल्कनीतून वाकून म्हणाल्या, ‘‘इसको काटो ना, डरते क्यों हो?’’ खरंच भीत होतो. आईला जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. तिनं लावलेल्या वेलीला कात्री लावायला हात धजत नव्हता.

अखेर जानेवारीत लावली. जुईची फुलं नव्या फुटव्यांवर येतात. डिसेंबरअखेर पाणी थोडं कमी करावं. जानेवारीत मुख्य फांद्या गुडघाभर ठेवून बाकी छाटाव्यात. वरची चार बोटं माती खरवडून काढावी आणि तिथं कुजलेलं शेणखत घालावं. त्या पावसाळ्यात संध्याकाळी बाल्कनीचं दार उघडलं, की वास घरभर यायचा. मामींसाठी दोरी बांधून टोपली खाली सोडायची सोयही झाली!

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी गोकर्ण लावावी. तिला १० ते १२ इंचांची कुंडी पुरते. बी रात्रभर भिजवून पेरलं, की दीड-दोन महिन्यांत फूल दिसतं. ती शेंगवर्गातली असल्यानं तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र तिला मिळवून देतात, म्हणून खतही कमी लागतं. जुई, जाई, कृष्णकमळ यांना १५-१६ इंचांची कुंडी हवी. मधुमालती आणि संक्रांतवेल यांना मोठं पिंप आणि भरपूर ऊन लागतं. मधुमालतीचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, मग गुलाबी आणि पुढं लाल होतं. एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात, ते त्यामुळं. मात्र ओल्या मातीनं भरलेली मोठी कुंडी ३०-४० किलोंची सहज होते. ती कठड्यावर कधीही ठेवू नये.

मुंबईच्या पावसात वेली मरतात त्या बहुधा पाणी साचून. कुंडीचं भोक मोकळं ठेवा, तळाशी खापरीचे तुकडे घाला. कुंडीखालच्या थाळीकडेही लक्ष द्या. एका पावसाळ्यात तपासणीला आलेल्या माणसानं माझ्याच थाळीत वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. मान खाली गेली. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी कडेला चिकटून बसतात, म्हणून थाळी नुसती ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा ती घासून कोरडी करावी.

निवृत्तीचं वर्ष आलं. जुईची कुंडी हलवून पाहिली, तर हलेना. मुळं भोकातून बाहेर पडून फरशीच्या फटीत शिरली होती. मग पावसाच्या सुरुवातीला दाब कलम केलं. पेन्सिलीएवढ्या जाड दोन फांद्या वाकवल्या, पेराखालची साल थोडी खरवडली आणि शेजारच्या छोट्या कुंड्यांतल्या मातीत दाबून वर दगड ठेवला. माती ओली राखली. तीन महिन्यांत मुळं धरली, तेव्हा त्या मूळ वेलीपासून तोडून वेगळ्या केल्या.

त्यातली एक कुंडी मामींना दिली, एक आमच्याबरोबर नव्या घरी आली. जानेवारीत घर सोडताना मूळ वेल गुडघाभर छाटली आणि ग्रिलला चिठ्ठी बांधली, ‘जुई आहे. वाळलेली नाही. पाणी घाला.’ पुढं राहायला आलेल्यांनी घातलं असेल, अशी आशा आहे.

नव्या घरातली जुई आता दाराच्या चौकटीएवढी झाली आहे. दर जानेवारीत तिला छाटतो, दर पावसाळ्यात एक फांदी मातीत दाबतो. तुमच्याकडेही कुणाच्या हातची अशी वेल असेल, तर घर सोडायची वेळ येण्याची वाट पाहू नका. येत्या पावसाळ्यात तिची एक फांदी दाबून ठेवा.