केबल धरणारा



आत्ता माझी ओळख ‘पाण्याखाली रोबो चालवणारा’ अशी करून दिली. तुम्ही टाळ्या वाजवल्या, बरं वाटलं. पण खरं सांगू का, रोबो चालवणं फार अवघड नाही. तुमची मुलं मोबाइलवर गेम खेळतात, त्याच्याच जवळचं ते काम. अवघड काम असतं काठावर बसून त्याची केबल धरणाऱ्याचं. आज त्याच्याविषयीच बोलतो.

आमचं यंत्र मोठ्या सुटकेसएवढं. धरणाची भिंत, विमोचकाची जाळी, दारांचा गंज पाहायला ते खाली जातं. पाण्यात रेडिओ लहरी लगेच विरतात, त्यामुळे वायफाय तिथे कामाचं नाही. चित्र वर येतं आणि हुकूम खाली जातो तो केबलमधूनच. केबल बोटापेक्षा बारीक. आत तांब्याच्या तारा, ओढ सोसायला केवलारचे धागे, आणि बाहेरचं आवरण असं हलकं की ती पाण्यात धड बुडत नाही, धड तरंगत नाही.

संक्रांतीला आपण पतंग उडवायचो, तेव्हा चक्री धरणाऱ्याला कुणी विचारायचं नाही. पण ढील चुकली की पतंग गेला! इथेही शब्द तोच, ढील. जास्त दिली तर केबलचा झोळ तळाशी जाऊन बसतो, आणि आपल्याकडच्या धरणांच्या तळाशी काय नसतं? बुडालेल्या बाभळी, जुन्या विहिरींचे कठडे, मासेमारीची तुटलेली जाळी. कमी दिली तर यंत्र दाव्याला बांधलेल्या गोऱ्ह्यासारखं जागीच ओढ घेत राहतं. दर पाच मीटरला आम्ही रंगीत पट्टी चिकटवतो. धरणारा मोठ्याने सांगतो, “वीस बाहेर!” चालवणाऱ्याने तेच परत म्हणायचं. यंत्र एकाच दिशेने किती वेढे फिरलं तेही मोजायचं, नाहीतर केबलला पीळ बसतो.

मोठमोठ्यांनाही हा दोर दगा देतो. जपानचं ‘काइको’ हे यंत्र १९९५ मध्ये मारियाना गर्तेत १०,९११ मीटर खोल जाऊन आलं होतं. २००३ च्या मे महिन्यात त्याची केबल तुटली आणि यंत्र समुद्रात हरवलं.

आता माझी गोष्ट. एका धरणावर (नाव सांगत नाही, चूक माझी होती) विमोचकाजवळ बारा मीटरवर काम चाललं होतं. केबल धरायला गावातला एक मासेमारी करणारा तरुण होता. तो म्हणाला, “साहेब, हाताला जड लागतंय.” मी पडद्याकडे बघत म्हणालो, “ओढ थोडी.” त्याने ओढली, आणि बाभळीच्या खोडाला पडलेला वेढा आवळला. यंत्र अडकलं. किंमत डोळ्यांपुढे नाचायला लागली. सोबतचा एक पट्टीचा पोहणारा म्हणाला, “मी जाऊन सोडवून येतो,” आणि मी हो म्हणालो.

तो शर्ट काढत होता, तेवढ्यात केबलवाल्याने विचारलं, “खालचं दार बंद हाय का?”

कुणी पाहिलंच नव्हतं. पाहिलं, तर दार थोडं उघडं होतं, पाणी चालू होतं.

आपल्या विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर हे गणित घातलं होतं. बारा मीटर खोलीवर दर चौरस मीटरला पाण्याचा दाब सुमारे बारा टन. दुसऱ्या बाजूने पाणी मोकळं वाहत असेल आणि अर्ध्या चौरस मीटरच्या तोंडावर माणूस चिकटला, तर त्याच्यावर सहा टन. तिथून कुणी सुटून येत नाही. सर, तुमचं गणित मी पाठ केलं होतं. त्या दिवशी ते मला आठवलं नाही.

दार बंद करून घेतलं. पाण्यात कुणी उतरलं नाही. मग त्या तरुणाने सांगितलं तसं केलं: ओढायचं नाही, आधी ढील द्यायची. केबल सैल झाल्यावर कॅमेऱ्यात तीच धरून धरून यंत्र आल्या वाटेने उलटं नेलं, खोडाला उलटा वेढा घातला. चाळीस मिनिटं लागली. त्याने केबल ओल्या फडक्यात पुसत आठाच्या आकड्यासारखी टोपल्यात उतरवली, म्हणजे पुढच्या वेळी गाठ पडायला नको. मी त्याचा चहा मागवायचाही विसरलो होतो.

तेव्हापासून आमच्याकडे ‘थांब’ म्हणायचा पहिला हक्क केबल धरणाऱ्याचा. मी साहेब असलो तरी.

मैदानातल्या लिंबाखाली टोपल्यात ती केबल आणून ठेवली आहे. जेवणानंतर हातात घेऊन बघा. फक्त तिच्यावर पाय देऊ नका.