माजी सैनिकाचे वजन आणि घरातले बोलणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आपल्या सातारा जिल्ह्यात फौजेशी नाते नसलेले गाव शोधावेच लागेल. अपशिंग्याला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. तेव्हा पेन्शनीवर आलेल्या शिपायाचे वाढते वजन हा आजचा विषय येथे बसलेल्या बऱ्याच जणींच्या घरातलाच आहे.

फौजेत पहाटे पी.टी., संध्याकाळी खेळ. लंगरातले जेवण त्या कष्टाच्या मापाचे. शिपाई पेन्शनीवर घरी येतो तो बहुधा चाळिशीच्या आतबाहेर. कष्ट तिकडेच राहतात, भूक मात्र बरोबर येते. मग बँकेच्या दाराशी खुर्चीत बसून बारा तास पहारा. (कँटीनच्या बाटलीविषयी मी बोलत नाही, ते आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक आहे.) शिवाय तिथे वजनावर दुसऱ्यांची नजर असे. तपासणीत ते जास्त भरले, की 'शेप वन' जाण्याची धास्ती. ती धास्ती संपते आणि तिच्या जागी आपण उभ्या राहतो, उस्ताद होऊन! "भात कमी करा." "उठा, फिरून या."

आयुष्याची उमेद हुकूम पाळण्यात घालविलेला माणूस घरी हुकूम का ऐकत नाही, असे मला पुष्कळ जणी विचारतात. मला वाटते, म्हणूनच ऐकत नाही. शिवाय वजन उतरावे असे त्यालाही वाटतच असते, आणि ताट सोडवत नाही हेही खरे असते. त्याच्या मनात असा दोन्हीकडचा वाद चाललेला असताना आपण एक बाजू घेऊन बसलो, की दुसरी बाजू मांडण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दारूच्या आहारी गेलेल्यांशी बोलताना हेच पाहिले. १९८३ साली त्याने आपली रीत लिहून प्रसिद्ध केली, आणि १९९१ साली स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर त्यावर ग्रंथ लिहिला. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने २००६ सालापासून 'मूव्ह' नावाचा वजनाचा कार्यक्रम देशभर चालविला, त्यातही ही रीत वापरतात.

रीत साधी आहे, पण जीभ आवरावी लागते. परिचारिकेच्या कामात असताना मी एका निवृत्त हवालदारांना विचारले, "वजन उतरवणे तुम्हाला किती महत्त्वाचे वाटते? दहापैकी आकडा सांगा."

"चार," ते म्हणाले.

आपण लगेच विचारू, "चारच का?" मग ते गुडघ्याचे दुखणे, नोकरीच्या वेळा, सारे सांगतील, म्हणजे न करण्याची कारणे आपणच त्यांच्या तोंडून वदवू. मी विचारले, "चार म्हणालात, दोन का नाही?"

ते जरा थांबले. म्हणाले, "पूर्वी अजिंक्यतारा एका दमात चढायचो. परवा नातवाबरोबर निघालो, तर निम्म्यावर बसलो. पोरगं म्हणालं, आजोबा, तुम्ही खरंच फौजेत होता का?"

यावर उपदेश करायचा मोह कोणाला होणार नाही? मी इतकेच म्हटले, "ते तुम्हाला लागलं." मग पुढचे तेच बोलले. गुडघ्यामुळे पळणे नको, ड्यूटीला जाताना एक थांबा आधी उतरून चालेन, हे त्यांनीच ठरविले. त्यांच्या पत्नीला मी एकच विनंती केली, की रोज "गेला होतात का?" म्हणून हजेरी घेऊ नका, गेले असतील त्या दिवशी "आज चालून आलात वाटतं" एवढे म्हणा. काकूंना ते फार जड गेले, हे त्यांनीच मला सांगितले.

यात जादू नाही. नुसत्या बोलण्याने वजन उतरत नाही. ताट आणि चालणे बदलावेच लागते. पण फार उतरावे लागते असेही नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांपुढे शेकडा ७ वजन घटविणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम एवढेच लक्ष्य होते. त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण शेकडा ५८ ने कमी झाले. शंभर किलोच्या माणसाला सात किलो! आपल्याकडच्या पुरुषांनी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत राखावा असे डॉक्टर सांगतात.

बायकांसाठी हा आकडा ८० आहे. चहानंतर मी टेप घेऊन बाहेरच्या खोलीत बसणार आहे. ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी यावे.