नवख्याची हुर्यो



खेळावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असे आपल्याला वाटेल. पण खेळ जिथे धंदा झाला, तिथे खेळाडू हा कामगारच होय. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंची संघटना १९५६ साली निघाली; १९८२ आणि १९८७ साली तिने संपही केले. तेव्हा विषय माझ्या हद्दीतलाच आहे.

तिकडचा फुटबॉल आपल्यासारखा पायाने खेळायचा नव्हे. चेंडू हातात घेऊन पळायचे, नाहीतर पुढे फेकायचा. अकरा जणांच्या चढाईची सूत्रे ज्याच्या हाती, तो क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्याकडे, म्हणून डोळेही त्याच्याकडे.

६ जानेवारी २०१९ रोजी बाल्टिमोरच्या रेव्हन्स संघाचा चार्जर्स संघाशी घरच्या मैदानावर बाद फेरीचा सामना झाला. रेव्हन्सचा क्वार्टरबॅक होता लमार जॅक्सन. त्याचे हे पहिलेच वर्ष, आणि बावीस पुरी व्हायला एक दिवस बाकी! बाद फेरीत सुरुवातीपासून उतरलेला इतका लहान क्वार्टरबॅक त्याआधी झाला नव्हता. जुना क्वार्टरबॅक जो फ्लॅको जखमी झाला, म्हणून नोव्हेंबरात याला उभे केले. त्याने सातपैकी सहा सामने जिंकून संघाला इथवर आणले.

त्या दिवशी मात्र काही जमेना. चौथ्या भागात फलक २३-३ असा झाला. घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, फ्लॅकोच्या नावाचा गजर केला. पोराने नंतर दोन टचडाउन मिळवून दिले. पण अखेरच्या संधीला चेंडू हातून निसटला आणि सामना २३-१७ असा गेला. हा पळणारा गडी, याला फेकता कुठे येते, अशी टवाळी झाली. या टवाळीला जुना वास होता. काळ्या क्वार्टरबॅकांना 'तुम्ही दुसरी जागा धरा' असे तिथे अनेक दशके सांगत आले होते. जॅक्सनलाही २०१८ साली, संघात निवड होण्याआधीच, एका नामवंत जाणकाराने तोच सल्ला दिला होता.

आता हिशेब पाहू. त्या सामन्यात त्याला चेंडूसकट सात वेळा पाडले. त्याच्यापुढे भिंत धरायचे काम इतरांचे होते. चार्जर्स याच संघाकडून दोन आठवड्यांपूर्वी २२-१० असे हरले होते. ते अभ्यास करून आले. अवजड गडी कमी करून त्यांनी बचावफळीत सात चपळ गडी उतरवले. त्यावर तोड काढायची ती प्रशिक्षकांनी. पण व्यूहरचना बदला, असा गजर कोणी केला नाही. गजर झाला तो माणूस बदलण्याचा!

कोणी म्हणेल, लाखो डॉलर घेतो, मग ऐकून घ्यावे. पगाराचीही गोष्ट ऐका. २०१० साली पहिल्या क्रमांकाने निवडलेल्या नवख्याला ५ कोटी डॉलरची हमी मिळाली होती. २०११ च्या करारानंतर तशाच खेळाडूचा चार वर्षांचा सगळा करार सुमारे २ कोटी २० लाखांचा झाला. हा करार मालकांनी एकट्याने केला नाही. संघटनेने त्यावर सही केली. पुढे येणारी पोरे त्या बैठकीत नव्हती. जो बैठकीत नसतो त्याच्या ताटातले आधी कमी होते, आणि काम बिघडले की पहिले नाव त्याचेच निघते. आपल्याकडच्या शिकाऊ उमेदवाराला विचारा, तो सांगेल.

पुढच्याच हंगामात जॅक्सन सर्वोत्तम खेळाडू ठरला; पन्नासच्या पन्नास मते त्याला पडली. ही गोष्ट सांगून टाळ्या घेणे सोपे आहे. पण माझा मुद्दा त्यावर उभा नाही. तो पुन्हा कधीच उभा राहिला नसता, तर ती हुर्यो योग्य ठरली असती काय? मुळीच नाही. टीका कामाची होते. ती माणसाला सुधारायला वाट देते. टवाळी माणसाची होते, आणि ज्यांनी भिंत धरायची होती ते तिच्या आड सुखरूप राहतात.

म्हणून माझे मागणे एवढेच. नवख्याची चूक दिसली की चूक जरूर दाखवा. पण त्याच्यापुढे भिंत कोणी धरायची होती, तेही त्याच दमात विचारा.