उंची आणि आवाका



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते या शाळेत विज्ञान शिकवीत. वस्तू आधी हाताळावी, तिची मापे घ्यावीत आणि मगच तिच्याविषयी बोलावे, असा त्यांच्या अध्यापनाचा क्रम होता. मी जन्मभर मराठी भाषा आणि वाङ्मय शिकवले. त्या विषयात शब्द आधी येतो. आजच्या प्रसंगी मात्र गुरुजींच्या क्रमाने जावे असे मी ठरविले आणि माजी विद्यार्थ्यांनीच सुचविलेला विषय स्वीकारला.

त्यांच्यापैकी अनेकांजवळ जीप, जिप्सी किंवा थार आहे. बेळगावाहून चोर्ला, तिलारी, आंबोली या बाजूंना उतरणाऱ्या वाटांची त्यांना ओढ आहे. कच्च्या वाटेसाठी गाडी दोन-तीन इंच उंच करून घेण्याची रीत आता सर्वत्र रूढ झाली आहे. गाडी उंच केली की तिची चाके खड्ड्यात अधिक खोल पोहोचतात, असे त्यामागे गृहीत असते. हे गृहीत तपासून पाहणे, एवढेच आजच्या व्याख्यानाचे प्रयोजन आहे. त्यातही मी मागच्या चाकांपुरतेच बोलणार आहे. सामानाचा आणि मागे बसलेल्या माणसांचा भार त्यांच्यावर पडतो आणि चालकाच्या नजरेला ती कधीच दिसत नाहीत.

प्रथम शब्दाचा प्रश्न. चाक गाडीच्या सांगाड्याच्या संदर्भात जितके वर आणि जितके खाली जाऊ शकते, त्या एकूण अंतराला कारागीर ‘ट्रॅव्हल’ म्हणतात. त्यासाठी ‘खेळ’ हा शब्द सुचतो. पण ‘चाकात खेळ आहे’ म्हणजे बेअरिंग सैल झाले आहे, असा त्याचा गॅरेजमधला अर्थ ठरून गेला आहे. ‘चाल’ हा शब्द शालेय विज्ञानाने निराळ्या कामाला जुंपला आहे. म्हणून मी ‘आवाका’ हा शब्द वापरतो. चाक विश्रांतीच्या जागेपासून जेवढे वर जाते तो वरचा आवाका, जेवढे खाली जाते तो खालचा आवाका. दोहोंची बेरीज म्हणजे पूर्ण आवाका. पुढचे सारे विवेचन या तीन संज्ञांवर उभे आहे.

आता वस्तू पाहू. पूर्वीच्या टांग्याला कमानपाटे असत. दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपला पुढे आणि मागे तेच तत्त्व होते : अखंड आस आणि त्याला बांधलेले पाटे. १९८५ साली आलेल्या जिप्सीनेही ते सोडले नाही. २०१० सालच्या थारच्या मागच्या बाजूस पाटेच होते. २०२० सालच्या नव्या थारला मागे अखंड आस ठेवून कॉइल स्प्रिंगा दिल्या गेल्या. भारतात २०२३ साली विक्रीस आलेल्या पाच दारांच्या जिम्नीची मागची रचनाही अखंड आस आणि कॉइल स्प्रिंग अशीच आहे. स्प्रिंग बदलली तरी मर्यादा घालणारे घटक तेच राहिले. वर जाताना आस शेवटी सांगाड्याखालच्या रबरी ठोकळ्याला, म्हणजे बंप-स्टॉपला, टेकतो. खाली जाताना बहुधा शॉकॲब्सॉर्बर पूर्ण ताणला जातो आणि चाक तेथेच अडते. म्हणजे आवाक्याच्या दोन्ही सीमा स्प्रिंगेच्या बाहेर आहेत.

एक काल्पनिक पण सोपे उदाहरण घेऊ. मागच्या चाकाचा वरचा आवाका ४ इंच, खालचा ४ इंच, पूर्ण ८ इंच. आता स्प्रिंगेखाली २ इंचांचा तुकडा घालून गाडी उंच केली. शॉकॲब्सॉर्बर आणि बंप-स्टॉप जुनेच ठेवले. विश्रांतीच्या स्थितीत आस सांगाड्यापासून २ इंच दूर गेला. वरचा आवाका ६ इंच झाला, पण खालचा २ इंचच उरला. बेरीज तीच, ८. गाडी उंच दिसू लागली आणि खड्ड्यात उतरण्याची चाकाची शक्ती मात्र निम्म्यावर आली. सांगाडा तसाच ठेवून त्यावरची बॉडी तेवढी उचलली, तर आवाक्यात काहीच फरक पडत नाही.

मग लांब शॉकॲब्सॉर्बर बसवावा, हे ओघाने आले. त्यातही एक गणित दडलेले आहे. शॉकॲब्सॉर्बरचा दांडा जितका आत जातो तितकी जागा नळीत असावी लागते. म्हणून त्याची धाव ८ ऐवजी १० इंच केली, तर पूर्ण ताणलेली लांबी सुमारे ४ इंचांनी वाढते, तशीच पूर्ण दाबलेली लांबीही सुमारे २ इंचांनी वाढते. आपल्या उदाहरणात आता खालचा आवाका ६ इंच आणि वरचा ४ इंच होईल. मात्र बंप-स्टॉप जुन्या जागीच राहिला, तर आस त्याला टेकण्यापूर्वीच शॉकॲब्सॉर्बर आतून पूर्ण दाबला जाईल. मागच्या माणसांचा आणि सामानाचा दणका रबराने सोसायचा, तो मग दांडा आणि त्याची माउंटिंग सोसू लागतील आणि पहिल्या मोठ्या आदळ्याला तुटतील. म्हणून शॉकॲब्सॉर्बर लांब केला की बंप-स्टॉपही तेवढाच खाली आणावा लागतो. ही जोडी फोडता येत नाही.

आता स्प्रिंग पाहू. समजा, एका मागच्या स्प्रिंगेवर ३०० किलो भार आहे आणि ती एक इंच दाबायला ६० किलो लागतात. ती भाराखाली ५ इंच दबलेली असते. चाक खड्ड्यावर आले की हेच दबलेले ५ इंच ती परत देते. चाकाच्या आणि आसाच्या स्वतःच्या वजनाने थोडी भर पडते, ती सोडून द्या. आता उंची टिकावी म्हणून एका इंचाला १०० किलो लागतील अशी कठीण स्प्रिंग घातली, तर ती ३ इंचच दबलेली असेल आणि ३ इंचच परत देईल. शॉकॲब्सॉर्बर ६ इंच खाली जाऊ देतो आणि स्प्रिंग ३ इंचांनंतर ढकलणे थांबवते. उरलेल्या ३ इंचांत चाक जमिनीला लागले तरी तिच्यावर दाब देत नाही, आणि दाब नसेल तर पकडही नसते. कॉइल स्प्रिंग असेल तर ती आपल्या बैठकीतून निसटण्याचा धोका असतो. पाटे बोल्टने बांधलेले असल्यामुळे निसटत नाहीत, पण तेही मोकळ्या वाकाच्या पलीकडे चाकाला सहजासहजी जाऊ देत नाहीत. एखादा पाटा वाढवून मागची बाजू उंच करणे स्वस्त पडते. त्याची किंमत खालच्या आवाक्यातून वसूल होते.

पाट्यांची आणखी एक गोष्ट आहे. पाटा दबून सपाट होताना त्याची लांबी वाढते. ती सामावून घेण्यासाठी एका टोकाला झुलणारी शॅकल असते. फार वाकाचे पाटे घातले तर शॅकलचा कोन बदलतो आणि तिला झुलायला जागा उरत नाही. पाटा आणि आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून गाडी उंच केली, तर चढावर जोर देताच आस स्वतःभोवती पिळतो आणि त्याला तो ठोकळा तरफेसारखा साहाय्य करतो. पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात आणि त्यांचे आयुष्य कमी होते.

आवाका वाढला की त्याच्यासोबत इतरांनाही लांबावे लागते. गिअरबॉक्सकडून मागच्या आसाकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आखूड गाडीत आखूडच असतो. समजा, तो २० इंचांचा आहे आणि आरंभी सपाट आहे. आस २ इंच खाली गेला की कोन सुमारे पावणेसहा अंश होतो. ८ इंच खाली गेला की तो बावीस अंशांच्या जवळ जातो. क्रॉस जॉइंटला कोनाची मर्यादा असते आणि सरकत्या सांध्याला लांबीची. ब्रेकची रबरी नळी सर्वांत महत्त्वाची. चाक खाली लोंबले असता ती ताणली जात असेल, तर एखाद्या खड्ड्यात ती तुटू शकते. उतारावर ब्रेक जाणे म्हणजे काय, हे घाटाच्या गावांना सांगायला नको. जिम्नीसारख्या गाडीत आसाला आडवा आवरणारा दांडा असतो. त्याचे एक टोक सांगाड्यावर स्थिर असते. त्यामुळे आस खाली जाताना वर्तुळाच्या कमानीवर सरकतो आणि थोडा बाजूला जातो. उंच केलेल्या गाडीचा मागचा भाग एका बाजूला सरकलेला दिसतो, त्याचे कारण हेच.

कच्च्या वाटेवर दोन्ही मागची चाके क्वचितच एकत्र खाली जातात. एक दगडावर चढते आणि दुसरे खळग्यात उतरते. अशा वेळी आस मधल्या बिंदूभोवती तिरका होतो. चाक मध्यापासून २८ इंचांवर आणि शॉकॲब्सॉर्बर २१ इंचांवर असेल, तर चाक ४ इंच हलताना शॉकॲब्सॉर्बर ३ इंचच हलतो. म्हणून दोन्ही चाके लोंबवून घेतलेले माप आणि तिरक्या स्थितीतले माप वेगळे येते; दोन्ही घ्यावी लागतात. तिरक्या स्थितीत टायरचा वरचा भाग आत झुकतो आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला घासतो, हेही त्याच वेळी पाहावे. या गुणाची तुलना करण्यासाठी एक कसोटी रूढ आहे. २० अंशांच्या उतरंडीवर पुढचे एक चाक चढवत न्यायचे. दुसरे एखादे चाक जमीन सोडू लागेपर्यंत जितके अंतर चढले त्याला चाकतळाच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमधील अंतराच्या, मापाने भागून १००० ने गुणायचे. चाकतळ ९६ इंच आणि चढलेले अंतर ४८ इंच असेल तर अंक ५०० येतो. उंच दिसणारी गाडी या कसोटीवर बुटक्या गाडीच्या मागे राहू शकते.

उंचीचे मोलही सांगितले पाहिजे. अखंड आसाच्या गाडीत स्प्रिंगा उंच केल्याने आसाच्या मधल्या गोळ्याखालची जागा तसूभरही वाढत नाही. ती टायरनेच वाढते, आणि टायरचा व्यास २ इंचांनी वाढला तर ती १ इंच वाढते. उलट गुरुत्वमध्य वर जातो. दोन चाकांमधील निम्मे अंतर ७०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंचीही ७०० असेल, तर स्प्रिंगांचे दबणे सोडून गाडी ४५ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडते. गुरुत्वमध्य ५० मिलिमीटर वर गेला की तीच गाडी ४३ अंशांवर कलंडते. दोन अंश थोडे वाटतात. वळणावर वेगात त्यांचा हिशेब होतो.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलापासून वेगळा होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ उचलून धरला. म्हणून कोणताही बदल करण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.

माझ्या माजी विद्यार्थी मित्रांनो, शेवटी एक काम सांगतो. गाडी उंच करण्यापूर्वी तिचा आवाका मोजा. सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर लिहून ठेवा. मग पुढची चाके अडवून, सांगाडा भक्कम स्टँडवर घेऊन, मागची चाके लोंबू द्या आणि पुन्हा मोजा. गाडीखाली केवळ जॅकच्या भरवशावर कोणी शिरू नये. आपल्या शॉकॲब्सॉर्बरचा दांडा उघडा असेल, तर त्यावर घट्ट बसणारे एक रबरी कडे चढवा आणि नेहमीच्या वाटेवर एक फेरी मारा. दांडा किती आत गेला ते ते कडे दाखवील. पुष्कळदा असे आढळेल की हाती असलेला आवाकाच पुरता वापरला जात नाही. मग खर्च उंचीवर करायचा की झिजलेले बुश, थकलेले शॉकॲब्सॉर्बर आणि योग्य हवेचे टायर यांवर, हे ती मापेच सांगतील.