गैरहजर बालकांची मोजणी



दिवाळी सरली आणि भाताची झोडणी आटोपली, की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील कातकरी वाड्या ओस पडू लागतात. वीटभट्टीच्या मालकाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायको लेकरांसह भिवंडी-कल्याणच्या बाजूला जातात, आणि मृगाच्या आधी, भाताच्या पेरणीच्या सुमारास परत येतात. ज्या परिसराच्या कुशीत तानसा आणि भातसा यांचे जलाशय भरतात, आणि ज्या जलाशयांवर मुंबईची तहान भागते, त्याच परिसरातील ही माणसे वर्षातील कित्येक महिने स्वतःच्या गावच्या कोणत्याही नोंदवहीत सापडत नाहीत.

आरोग्य आणि समाजकल्याण यांविषयीच्या संशोधनात आकडेवारीचे काम करणाऱ्यास हल्ली डेटा सायंटिस्ट म्हणतात. तो माझा व्यवसाय आहे, आणि त्याविषयी आज मला एकच गोष्ट सांगायची आहे: या व्यवसायाचे पहिले कर्तव्य हिशेबातून कोण गळले आहे याचा शोध घेणे हे आहे, बाकीचे सर्व गणित त्यानंतर येते.

हे कसे, ते एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि आज पाड्यापाड्यावरच्या अंगणवाडीत दरमहा बालकांचे वजन घेतले जाते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, तर सहा महिने ते पाच वर्षे या वयाचे ते बालक तीव्र कुपोषित समजले जाते. समजा, एका पाड्यावर या वयाची ४० बालके आहेत आणि त्यांपैकी ६ तीव्र कुपोषित आहेत. म्हणजे प्रमाण १५ टक्के झाले. दिवाळीनंतर १५ बालके आईबापांबरोबर भट्टीवर गेली, आणि घरची गरिबी हेच जाण्याचे कारण असल्यामुळे, त्या सहांपैकी पाच त्यांच्यातच होती. आता अंगणवाडीत राहिलेल्या २५ बालकांत तीव्र कुपोषित एकच उरले, आणि अहवालात प्रमाण ४ टक्क्यांवर आले. एकाही बालकाच्या अंगावर तोळाभर मांस चढलेले नाही, तरी तालुक्याच्या कचेरीत पोहोचणारा तक्ता मात्र मोठ्या सुधारणेची ग्वाही देतो. आणि पावसाळ्यात, कुटुंबे परतल्यावर, आकडा पुन्हा चढला की दोष बिचाऱ्या अंगणवाडी सेविकेच्या माथी येतो.

अशा वेळी प्रामाणिक अभ्यासकाने काय करावे? त्याने वर्षभर तीच ४० नावांची यादी कायम ठेवावी, आणि ज्यांचे वजन झाले नाही त्यांच्या नावापुढे रिकामी जागा न सोडता त्याचे कारण लिहवून घ्यावे. मग त्याने आपल्या अज्ञानाची मर्यादा उघडपणे मांडावी: गेलेल्या पंधरांपैकी एकही तीव्र कुपोषित नसेल तर प्रमाण अडीच टक्के, आणि सर्व तीव्र कुपोषित असतील तर ४० टक्के; सत्य या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. अडीच आणि चाळीस यांमधील हे अंतर पाहून अधिकारी अस्वस्थ होतो, आणि त्याने अस्वस्थ व्हावे हेच योग्य आहे, कारण संगणकाची कोणतीही कुशल रीत हे अंतर निर्धास्तपणे मिटवू शकत नाही. ते मिटते ते कोणी आरोग्यसेविका भट्टीवर जाऊन त्या लेकरांच्या दंडाभोवती फीत गुंडाळते तेव्हा.

या बाबतीत महाराष्ट्राला एक थोर वस्तुपाठ घरातच लाभला आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत घरोघरी नवजात बालसेवेचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सेवा मिळालेल्या ३९ गावांत, ती न मिळालेल्या ४७ गावांच्या तुलनेने, नवजात अर्भकांचे मृत्युमान तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले होते. या आकड्यावर जगाने विश्वास ठेवला, त्याचे एक कारण असे की, गावातल्या जन्ममृत्यूची नोंद केल्यावर तिची घरोघर जाऊन स्वतंत्र पडताळणी केली जात असे. पुढे २००१ साली ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने शासकीय दफ्तरात रुजू झालेल्या बालमृत्यूंपेक्षा प्रत्यक्ष मृत्यू कितीतरी अधिक आहेत हे दाखवून दिले, आणि न मोजलेले मरण हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. २०११ पासून नवजात अर्भकाच्या घरी जाऊन सेवा देण्याचे काम देशभर आशाताईंकडे आले आहे.

आमच्या कामाचा आणखी एक मोठा भाग नोंदींचा मेळ घालण्याचा आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते. त्यामुळे बाळाचा जन्म मुरबाडच्या वाडीत लिहिला जातो आणि लस शहापूरच्या पाड्यावर टोचली जाते. आईचे नाव उपकेंद्राच्या वहीत एक, शिधापत्रिकेवर दुसरे. आजीचे वय निराधार अनुदानाच्या अर्जावर एक, मतदारयादीत दुसरे. नावांचे उच्चारसाम्य, गाव, वय आणि नातलगांची नावे ताडून दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या असण्याचा संभव किती, हे संगणक सांगतो. परंतु जोडणी चुकली, तर एका बालकाची लस दुसऱ्याच्या नावावर जमा होते, किंवा हयात विधवेचे अनुदान बंद पडते. म्हणून संशयित जोड्या, ज्यांची ती माहिती आहे त्यांच्या संमतीची व अब्रूची बूज राखून, गावच्या आशाताईकडे खात्रीसाठी पाठवणे हा आमच्या शास्त्राचाच अविभाज्य भाग मानला पाहिजे.

साधने आता पुष्कळ आली आहेत. २०२१ पासून अंगणवाडीची नोंद ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपवर भ्रमणध्वनीवरून होते. परंतु जोवर कमी आकड्याला शाबासकी आणि वाढलेल्या आकड्याला खुलासापत्र हा प्रघात चालू आहे, तोवर जी सेविका भट्टीपर्यंत चालत जाऊन आजारी लेकरे शोधून काढील, तिचाच आकडा वाढेल आणि तिलाच जाब द्यावा लागेल. म्हणून माझी विनंती तालुक्याचा अहवाल वाचणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला, लोकप्रतिनिधीला आणि पत्रकाराला आहे. कुपोषणाची टक्केवारी पाहण्यापूर्वी वजन न झालेल्या बालकांचा रकाना पाहा. तो रकाना नसेल तर अहवाल परत पाठवा. आणि ज्या सेविकेने तो शोधाशोध करून भरला असेल, तिच्या गावचा आकडा वाढलेला दिसला तरी पहिली शाबासकी तिला द्या. शहापूर-मुरबाडची लेकरे भट्टीवर असतानाही याच तालुक्यांची लेकरे आहेत, एवढे आपल्या तक्त्यांनी मान्य केले, तर त्यांच्यापर्यंत पोहोचणारे अन्न आणि औषध कोठे पाठवायचे, हे ठरवणे शक्य होईल.