वकिलाचे दोन फोन



चंद्रपूरच्या वैशाखात दिवसभर भाजून निघाल्यावर संध्याकाळी व्याख्यानाला येऊन बसणे ही काही साधी गोष्ट नव्हे. त्यातून आजचा विषय असा की, येताना वाटेतच एका स्नेह्याने आम्हांस विचारले, 'वकिलाने एक फोन ठेवावा की दोन, यात तासभर बोलण्यासारखे आहे काय? परवडत असतील तर ठेवावेत!' प्रश्न परवडण्याचा असता तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. वकिलाच्या खिशातल्या फोनमध्ये जे गुपित असते, ते कोणाच्या मालकीचे, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याने त्याचे उत्तर फार पूर्वी दिलेले आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे १२६ वे कलम सांगत असे की, अशिलाने वकिलीच्या कामी सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून वकिलाने उघड करता कामा नये. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तेथे हीच तरतूद १३२ व्या कलमात आहे. पुढे गुन्हा करण्यासाठी कोणी सल्ला मागितला तर त्याला हे संरक्षण नाही, आणि ते योग्यच आहे. एरवी खटला संपला तरी हे बंधन संपत नाही. ते वकिलाच्या मुन्शीवर आहे, तसेच दुभाष्यावरही आहे. दुभाष्याचा उल्लेख पुण्या-मुंबईच्या वकिलाला शोभेपुरता वाटेल. आमच्याकडे मात्र भामरागडचा माडिया माणूस आपली हकीकत आपल्या बोलीत सांगतो आणि तिसरा कोणी ती मराठीत करून देतो, तेव्हा कुठे वकिलाला प्रकरण कळते.

जुन्या वकिलांच्या घरी बैठकीची खोली आणि माजघर यांच्यामध्ये एक दार असे. अशिलाचे कागद दप्तरात बांधून कपाटात जात आणि कपाटाची किल्ली जानव्याला किंवा करदोट्याला असे. फोनने ते दार काढून टाकले. आज त्याच एका यंत्रात अशिलाच्या शपथपत्राचा फोटो असतो, मुलीच्या शाळेची सूचना असते, साडूच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका असते, आणि ते यंत्र घरातले शेंडेफळ खेळ खेळायला मागते.

आमच्या घरी हेच झाले. पुतण्याच्या हाती फोन होता. त्याचे बोट कोठे लागले कोण जाणे, एका शेतीच्या वाटणीतल्या कैफियतीचा कच्चा मसुदा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप-गटात जाऊन पडला. चार मिनिटांत आम्ही तो पुसला. पण त्या गटात प्रतिपक्षाचे व्याही होते. गाव लहान, सोयरिकी दाट! पुढच्या पेशीला प्रतिपक्षाच्या वकिलाने जे प्रश्न विचारले, त्यांवरून काय समजायचे ते आम्ही समजलो. अशिलाला आम्ही सर्व सांगितले. तो रागावला नाही, एवढेच म्हणाला, 'साहेब, मी तर घरी बायकोलाही बोललो नव्हतो.' दुसरा फोन आम्ही त्याच आठवड्यात घेतला.

ही झाली घरातली गळती. याहून मोठी गळती बाहेरून होते आणि तिची उदाहरणे विदर्भातच आहेत. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांनी गडचिरोलीच्या सत्र न्यायालयात प्रा. साईबाबांची बाजू मांडली होती. एल्गार परिषद प्रकरणात एप्रिल २०१८ मध्ये त्यांच्या घराची झडती झाली आणि जूनमध्ये त्यांना अटक झाली. त्यांच्या संगणकात बाहेरून कागद घुसडले गेले, असा अहवाल आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकेतील प्रयोगशाळेने २०२१ साली दिला. तपासयंत्रणेला ते मान्य नाही. त्या खटल्याचे गुणदोष आम्ही येथे काढणार नाही. पण वकिलाचा संगणक उचलला गेला की त्या प्रकरणाशी सुतराम संबंध नसलेल्या अशिलांचे कागदही त्याच गाडीत बसतात, एवढे कोणीही मान्य करील. पुढे २०१९ च्या ऑक्टोबरात गडलिंगांचेच वकील निहालसिंग राठोड यांना व्हॉट्सॲप कंपनीने कळविले की, पेगॅसस नावाच्या हेर-यंत्रणेचा रोख त्यांच्या फोनवर होता. ही यंत्रणा व्हिडिओ-कॉलच्या वाटेने शिरे. कॉल उचलला नाही तरी शिरे. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने पुढे २९ फोन तपासले. त्यांपैकी पाचांत काही घातक प्रणाली सापडली, पण ती पेगॅससच होती असे सिद्ध झाले नाही.

आता कोणी विचारील, असे असेल तर दुसरा फोन घेऊन काय साधले? त्यातही शिरतील! शंका रास्त आहे. चोर भिंत फोडतो म्हणून आपण दार उघडे टाकीत नाही, एवढेच आमचे म्हणणे. शिवाय आता या दाराला न्यायालयाने कडी बसविली आहे. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे आपल्या अमरावतीचेच, यांच्या पीठाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी निर्णय दिला. वकिलाचा फोन वा संगणक पाहिजे असेल तर तो तपास अधिकाऱ्यापुढे नव्हे, न्यायालयापुढे हजर करावयाचा; तो उघडावयाचा तो वकील, पक्षकार आणि त्यांच्या पसंतीचा तज्ज्ञ यांच्यासमक्ष; आणि इतर अशिलांची गुप्तता भंगू द्यावयाची नाही. हे संरक्षण वकिलीच्या दप्तराला आहे. ज्या फोनमध्ये दप्तर आणि माजघर यांचा काला झालेला आहे, त्यात तज्ज्ञाने तरी काय निवडावे? कामाचा फोन वेगळा असेल तर निदान कशावर बोट ठेवून हरकत घ्यायची, ते वकिलाला सांगता येते.

आमचे तरुण वकीलमित्र दोन फोन वेगळ्याच हेतूने ठेवतात. संध्याकाळी सात वाजता कामाचा फोन बंद, मग घरच्यांबरोबर जेवण! यात निवांतपणाचा भाग आहे आणि आम्हांस त्याचा हेवाही वाटतो. पण हा हिशेब दिवाणी वकिलाला जमेल. अटकेतल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, असे घटनेचे बाविसावे कलम सांगते. त्या चोवीस तासांतला वकिलाच्या उपयोगाचा काळ पुष्कळदा रात्रीचाच असतो. एटापल्लीकडच्या एखाद्या गावातला भाऊ फोनला रेंज मिळेल अशा टेकाडापर्यंत अंधारात चालत येतो आणि दुसऱ्याचा फोन मागून आपल्याला लावतो; तेव्हा पलीकडे यंत्रातली बाई 'फोन बंद आहे' म्हणून सांगत असेल, तर आमचे सारे नीट जेवण व्यर्थ होय. म्हणून आम्ही उलट करतो. रात्री घरचा फोन बंद ठेवतो, कामाचा उशाशी. घरच्यांचे यावर मत विचारू नका.

तो फोन मागून आणलेला असतो, हेही विसरता येत नाही. आमच्या दोन फोनांची चर्चा आम्ही येथे पंख्याखाली करतो. पलीकडे कित्येकदा तीन घरांत एक फोन असतो, किराणा दुकानदाराचा किंवा तेंदूपत्त्याच्या फडीवरच्या मुन्शीचा. वनहक्काच्या दाव्यात तर प्रतिपक्ष स्वतः सरकारी खाते असते. ग्रामसभेचा ठराव, नकाशा, साक्षीदारांची नावे हे सर्व त्या दुकानदाराच्या फोनवरून आमच्याकडे यायचे आणि त्याच्याकडे तसेच राहायचे! म्हणून आम्ही त्या अशिलांना सांगून ठेवले आहे की, फोनवर प्रकरण बोलायचे नाही, कागद पाठवायचा नाही, फक्त 'येऊ का?' एवढेच विचारायचे. यात त्यांचा एसटीचा पैसा जातो आणि एक दिवसाची मजुरी बुडते, हे आम्हांस ठाऊक आहे. यावर उपाय आम्हांस सापडलेला नाही. काही पेशींना आम्हीच अहेरीला जातो, तेवढे भाडे वाचते.

तो माणूस ऑफिसात येऊन बसला, पाणी प्याला, की आमचा मुन्शी दोन्ही फोन उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवतो. मग दुभाषी सांगू लागतो.