पहाऱ्याचा डोळा



बेलूरच्या औद्योगिक वसाहतीतून आज इकडे येताना फाटकांवर, चौकांत, दुकानांत कॅमेरे दिसत राहिले. आपल्या वाचनालयातही ते बसवावेत, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आहे. निर्णयापूर्वी या डोळ्याचा इतिहास पाहणे उचित ठरेल.

त्याचा आरंभ माणसांवरील पहाऱ्यासाठी झाला नाही. १९४२ साली जर्मनीत पेनेम्यूंडे येथे अग्निबाणांचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी तो वापरला गेला. माणसांकडे तो पुढे वळला. १९८५ साली इंग्लंडमधील बोर्नमथ या समुद्रकाठच्या शहरात सार्वजनिक जागी कॅमेरे आले. १९९३ साली लिव्हरपूलजवळच्या बूटल येथील बाजारसंकुलातून दोन मुलांनी एका दोन वर्षांच्या बालकाला नेले, ते दृश्य कॅमेऱ्याने टिपले. तपासाला मदत झाली. बालक मात्र वाचले नाही. तरीही त्या धक्क्यानंतर ब्रिटनभर कॅमेरे वाढले.

आपल्याकडे २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरील हल्ला निर्णायक ठरला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील चित्रीकरण न्यायालयात पुरावा झाले. पण प्रत्यक्षदर्शींची साक्षही तितकीच मोलाची होती. पुढे राम प्रधान समितीच्या शिफारशीनंतर २०१६ पर्यंत मुंबईत साडेचार हजारांहून अधिक कॅमेरे बसले.

२०१७ साली कर्नाटकाने कायदा करून गर्दीच्या आस्थापनांना कॅमेरे बसवणे आणि चित्रीकरण ३० दिवस जपणे बंधनकारक केले. त्याच वर्षी, २४ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. अर्जदार होते कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी. सुरक्षितता आणि खासगीपणा या दोन्ही बाजू आपल्या राज्याशी अशा जोडलेल्या आहेत.

मित्रहो, कोण काय वाचतो हे ग्रंथपालाला ठाऊक असते. देवघेवीच्या वहीत ते लिहिलेलेच असते. पण ते चारचौघांत न सांगणे हा त्याचा धर्म आहे. कॅमेऱ्याला असा धर्म नाही. तो आपणच नियमांनी घालून द्यावा लागतो. दारावर आणि दुर्मीळ ग्रंथांच्या कपाटांपाशी तो जरूर असावा. चित्रीकरण कोण पाहील, ते किती दिवस राहील, हे फलकावर लिहावे. वाचनाच्या मेजावर मात्र त्याची नजर नसावी. आपल्याला न पटणारे पुस्तकही निःशंकपणे उघडता यावे, एवढी एक जागा गावात राहू द्या.